नाईक, दोन्ही जुड्या पोचल्या

थावरा नाईक, राम राम.

तुम्हाला जाऊन आज अकरावा दिवस. आणि मी खुळ्यासारखा अजून रोज सकाळी मालधक्क्याच्या दाराकडे बघतो. तुम्ही यायचात, चौकटीला काठी टेकवायचात आणि आत न डोकावताच ओरडायचात, "काय बाबू, रूळ हायेत का नेले कोणी?" मी म्हणायचो, "आहेत अजून, तुमच्या गाड्यांची वाट बघतायत." बारा वर्षं हेच. पहिल्या वर्षी मला संताप यायचा, पुढे सवय झाली. परवा एका हमालानं तुमच्यासारखाच आवाज काढून तेच विचारलं, तर मी त्याच्या अंगावर असा खेकसलो की बिचारा दिवसभर समोर आला नाही. माझं मन रमवायला बघत होता तो. रूळ आहेत, नाईक. जिथल्या तिथं आहेत.

आमची मंडळी म्हणाली, "हे पुटपुटणं बंद करा. जे बोलायचंय ते कागदावर लिहून काढा, म्हणजे मला स्वयंपाकघरात धडकी भरायची नाही." म्हणून बसलोय लिहायला. तुम्हाला वाचता येत नव्हतं, हे एका परीनं बरंच आहे. चुका काढणार नाही.

लोक मला विचारतात, रेल्वेतला मालबाबू आणि कळमनुरी रस्त्यावरच्या तांड्याचा नाईक, तुमचं जमलं तरी कसं? मी सांगतो, जमलं कुठं? भांडायला तोडीस तोड माणूस लागतो, तो मिळाला. तुमच्या आजोबा-पणजोबांनी बैलांच्या पाठीवर गोण्या लादून मुलुख पालथा घातला. तुम्ही गाड्या धरल्यात. वसमतची हळद, जवळा बाजारचा कापूस, सगळं तुमच्या गाड्यांवरून माझ्या धक्क्यावर यायचं. इथं आमचे रूळ संपतात, म्हणजे आमच्याकडून बघितलं तर इथंच सुरू होतात. इथून पूर्णा, पूर्णेहून मनमाड, मनमाडला एका गाडीतून काढून दुसरीत भरायचं, आणि मग मुंबईचं बंदर.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायची राहून गेली. कितीदा तोंडाशी आली आणि गिळली. आता तुम्हाला काठी उगारता येत नाही, तेव्हा सांगतो. पण दमानं. आधी तुम्हाला आवडेल असं थोडं बोलू.

तो दुबार तोलाचा नियम आठवतो ना? आठवतो काय विचारतोय! झोपेतसुद्धा शिव्या घालायचात तुम्ही त्याला. मी नवा नवा पैठणकडून येऊन रुजू झालो, त्याच हंगामात तो आला. गावाबाहेरच्या जकात नाक्यावर गाडीतलं प्रत्येक पोतं खाली उतरवायचं, तोलायचं, चिठ्ठी घ्यायची, परत गाडीत चढवायचं. मग धक्क्यावर यायचं, परत सगळं उतरवायचं, परत तोलायचं. आणि दोन्ही वजनं जुळली नाहीत तर गाडी पुन्हा नाक्यावर! आता हळद म्हणा, कापूस म्हणा, ओलीला फुगतो आणि उन्हात हलका होतो. नाक्यावर सकाळच्या दवात तोललेलं पोतं माझ्याकडे भर दुपारी तेवढंच कसं भरणार? देवाची कृपा झाली तरच जुळायचं. गाड्यांची रांग नाक्यापासून पार ओढ्यापर्यंत जायची. दोन-दोन दिवस बैल जुवाखाली. मागं वळायची सोय नाही, दोन्ही बाजूंना काळी चिकट जमीन.

"बाबू," तुम्ही एकदा विचारलंत, "तिथं बंदरावर जहाज थांबतं का आपल्यासाठी?"

"छे. वेळ झाली की सुटतं."

"कोनासाठीच थांबत न्हाई?"

"कोणासाठीच नाही."

"मग आमी काहून थांबतो?"

मी म्हणालो, "नियम आहे." तुम्ही म्हणालात, "नियम कोनी केला? नाव सांगा. एकदा जाऊन बघून येतो कसं दिसतं ते गाढव." तेव्हापासून नियम करणाऱ्याचं नाव पडलं गाढव. हमालसुद्धा तसंच म्हणायचे. गाड्या अडकल्या की रांगेतून आरोळी यायची, "गाढवाच्या नावानं!" आणि मी माझ्या खुर्चीत बसून पावत्यांवर सह्या करत असायचो. त्या सहीचीही तुम्ही टिंगल करायचात. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, पण व्यापाऱ्यांचे मार्के शंभर हातांवरून ओळखायचात. हा त्रिशूळवाला, तो दोन फुल्यांवाला. माझी सही बघून म्हणालात, "हा तुमचा मार्का म्हंजे शेपटीवाला उंदीर हाय बाबू. कुठंबी ओळखू येतो."

मी हसलो होतो. तेव्हा हसू येत होतं.

आता ते सांगतो.

तुमच्या सोमलीच्या लग्नाला मी तांड्यावर आलो होतो. जेवणं झाली, आपण लिंबाखाली बसलो. समोर हळदीची पोती रचलेली. प्रत्येकावर व्यापाऱ्याचा काळा मार्का आणि त्याच्याभोवती गेरूचं तांबडं कडं. कुठं एक कडं, कुठं दोन. मी सहज विचारावं तसं विचारलं, हे काय? आणि तुम्ही मोठ्या प्रेमानं सांगितलंत. म्हणालात, "हे आमच्या आज्यापासूनचं हाय. माल एका हातातून दुसऱ्या हातात गेला आणि बराबर भरला, की घेनारानं मार्क्याभवती कडं वढायचं. माल पोचला, तक्रार न्हाई. एकदा कडं वढलं की त्या मालाबद्दल पुन्हा तोंड उघडायचं न्हाई. कोनीबी न्हाई. मग पुढं ते पोतं फुटो का बुडो."

नाईक, तुम्ही दिलेलं पान मी तोंडात टाकलं होतं, ते चावायचंच राहिलं. तुम्ही विचारलंत, "काय झालं बाबू, चुना लागला का?" मी व्हय म्हणालो.

काय झालं होतं ते असं. मी नोकरीवर आलो तेव्हा माझ्या अंगावर नवा कोट होता आणि काखेत नियमांचं पुस्तक. पहिल्याच आठवड्यात तुमच्या तांड्याच्या गाड्या आल्या. पोत्यांवर तांबडी कडी. पुस्तकात लिहिलेलं की मूळ खुणेवर दुसरी खूण दिसली तर माल वाटेत उघडला असं समजावं. मी तुम्हाला विचारलं नाही. हमालांना विचारलं नाही. तुम्ही समोर उभे होतात, चार हातांवर, नुसतं "नाईक, हे काय?" म्हणायला तोंड दुखत नव्हतं. पण मी पडलो हुशार. मी उर्दूत झोकदार अहवाल लिहिला. पोत्यांवर संशयास्पद तांबड्या खुणा आढळतात, मालाची अदलाबदल होत असण्याचा संभव आहे, तरी नाक्यावर आणि धक्क्यावर असा दुबार तोल व्हावा, वजनात फरक आढळल्यास गाडी परत पाठवावी. खाली सही ठोकली, शेपटीसकट. वर पाठवला. महिन्याभरात तिथून हुकूम आला, अगदी माझ्याच शब्दांत. त्या दिवशी मी पेढे आणले होते घरी.

ते गाढव मी होतो, नाईक.

"तक्रार नाही" असं लिहिलेल्या पोत्यांना मी चोर ठरवलं होतं. आणि माझ्या त्या शहाणपणापायी तुमचे बैल दोन-दोन दिवस जुवाखाली उभे होते, आणि तुम्ही मलाच येऊन गाऱ्हाणं सांगत होतात, कारण तुमच्या मते सगळ्या सरकारात मी एकटा भला माणूस होतो.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. नोकरीची भीती होती, हे खरं. पण त्याहून मोठी भीती अशी की तुम्ही दारात यायचं बंद कराल. मी या गावात परका. माझ्याशी भांडणारं दुसरं कोणी नव्हतं.

मग मी काय केलं, तर अर्ज लिहायला लागलो. तुम्हाला वाटलं बाबूला अचानक तांड्याचा कळवळा आला. दर हंगामात एक अर्ज. तुम्ही बोलायचात, मी उर्दूत उतरवायचो, तुम्ही अंगठा उठवायचात. काय भांडलो आपण त्या अर्जांवर! तुम्ही म्हणायचात, "लिहा, आमचे बैल मरून राहिले." मी म्हणायचो, "बैल मेल्याचं वाचून साहेब हलत नाही. लिहू की सरकारी मालगाडीच्या वाघिणी रिकाम्या उभ्या राहतात." तुम्ही म्हणायचात, "म्हंजे वाघिणीची दया येते आणि बैलाची न्हाई?" शेवटी आपण दोन्ही लिहायचो. उत्तर यायचं नाही. लढाईच्या दिवसांत तर नुसता गोंधळ. वाघिणी मिळायच्या नाहीत, मिळाल्या तर माल नाक्यावर अडकलेला. तांड्यातले लोक गाड्या विकायला निघाले. तुम्ही माझ्यासमोर बसून बोटं मोडत मोजलंत, अमक्यानं विकली, तमक्यानं विकली. म्हणालात, "अजून एक-दोन साल असंच चाललं तर नाईक राहीन, तांडा न्हाई राहणार." तुमचा आवाज मी पहिल्यांदा तसा ऐकला.

आणि मग आली ती मोटार!

मी तिथं नव्हतो, पण तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की असल्यासारखाच आहे. दर वेळी ती मोटार थोडी मोठी व्हायची आणि साहेब थोडा जाडा. खरं एवढंच, की मालवाहतुकीचे कोणी बडे साहेब नांदेडकडून येत होते आणि नाक्याच्या अलीकडे तुमच्या रांगेत सापडले. पुढं पाच-सहा गाड्या, मागं वीस, खाली चिखल. साहेबांनी भोंगा वाजवून वाजवून बैलांना कंटाळा आणला. मग उतरले. "ये क्या तमाशा है जी?" तुम्ही चाकाला टेकून भाकर खात होतात. म्हणालात, "नौ साल से यहीच हो रा साब. बैठो, भाकर खाओ." आणि तो भला गृहस्थ खरंच बसला! हे मला आजही पटत नाही. पण त्यानं नंतर तुमच्या ठेच्याचं नाव काढलं होतं, ते मी माझ्या कानांनी ऐकलंय.

भाकर खाऊन झाल्यावर तुम्ही त्याला म्हणालात, साहेब, तुमची छडी एका पोत्याला लावा. कोणत्याही. आणि ते पोतं वाघिणीत चढेपर्यंत त्याच्या मागं मागं चला. बास, आमचं एवढंच म्हणणं. बाकी आम्ही काही बोलत नाही.

इतकी वर्षं मी अर्ज लिहिले, नाईक. तुम्हाला हे आधी का सुचलं नाही? का सुचलं होतं, आणि साहेब सापडत नव्हता?

तो चालला. पोतं उतरलं, काट्यावर गेलं, काट्यावरून खाली, खालून गाडीत. साहेब मागं. मध्ये पाऊस शिंतडून गेला. दुपार कलता तुमची गाडी धक्क्यावर आली आणि तिच्या मागं चिखलानं भरलेले बूट घालून, टोपीतून पाणी गळत असलेला एक माणूस. मला वाटलं कुणीतरी दलाल. मी ओरडलो, "ओ, मध्ये मध्ये काय करता? बाजूला व्हा!" तो गुमान बाजूला झाला. तुम्ही मिशीत हसत होतात. मला एक खूण करायची होती ना! नाही केलीत. नीच माणूस आहात.

पोतं काट्यावर चढलं. पावसानं पाव शेर जास्त भरलं. मी सवयीनं म्हणालो, "जुळत नाही. परत नाका."

तेव्हा त्यानं टोपी काढून झटकली आणि सांगितलं तो कोण आहे. आणि तो विचारतो, "मालबाबू, ये क़ायदा किस अक़्लमंद ने बनाया?" सगळे हमाल खो खो हसले. तुम्ही हात जोडून म्हणालात, "कोई गधा है साब. ढूंढ रहे, मिलता नहीं." मी काट्याचं पारडं असं निरखून बघत होतो की जणू आयुष्यात पहिल्यांदाच पारडं बघतोय.

पण एक गोष्ट मी चांगली केली, तेवढी माझ्या पदरात टाका. साहेबांनी विचारलं, तुमचं काय मत? तेव्हा मी थांबलो नाही. सगळं सांगून टाकलं. तोल एकच हवा, धक्क्यावर. नाक्याचा माणूस इथंच येऊन बसावा, म्हणजे जकात आणि तोल एका जागी होईल. वसमतच्या रस्त्याला एक वार द्यावा, जवळ्याला दुसरा, कळमनुरीला तिसरा, म्हणजे सगळे एकाच दिवशी येऊन एकमेकांच्या उरावर बसणार नाहीत. बंदराचा माल काट्यावरून थेट वाघिणीत जावा, जमिनीला लागूच नये. शब्दन् शब्द तुमचा होता, माझी फक्त उर्दू. मी चुकलो की तुम्ही मागून कोपर मारत होतात. साहेब म्हणाले, महिनाभर करून बघू.

त्या महिन्यात काय झालं ते तुमच्या आमच्या गावाला माहीत आहे. तुमच्या घरात मात्र भांडण झालं. पहिल्या दिवशी तुम्ही दुपारीच तांड्यावर परत गेलात आणि तुमच्या घरच्यांना वाटलं बैल मेला! रडायलाच लागल्या त्या. दुसऱ्या दिवशी येऊन मला म्हणालात, "बाबू, आता दिवसभर करू काय? तुमी तकलीफ घालवली, आता धंदा सांगा." गाड्या विकणारे पुन्हा गाड्या शोधत फिरायला लागले. आणि महिना सरल्यावर कायमचा हुकूम आला.

हुकुमासोबत जुनं प्रकरणही आलं, रद्दचा शिक्का मारून. त्यात पहिलाच कागद माझा अहवाल. माझी पाचावर धारण बसली. नेमके तुम्ही तिथं उभे. म्हणालात, "हेच का ते गाढवाचं कागद? द्या मला. आमच्या होळीत टाकतो."

दफ्तरातला कागद द्यायचा नसतो. पण मी दिला, आणि का दिला ते ऐका. तुम्हाला वाचता येत नाही, आणि जळला म्हणजे माझं पाप जळलं. इतका हिशेबी होतो मी. तुम्ही कागद उलटा धरून बघितलात, मग सुलटा केलात, मग घडी करून पागोट्यात खोचलात. तुमच्या तांड्याची होळी पहाटे पेटते, म्हणून मी थंडीत कुडकुडत आलो, आणि तुम्ही माझ्या डोळ्यांदेखत एक कागद आगीत टाकलात. लोकांनी बोंब मारली, गाढवाच्या नावानं. मीही मारली. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं मारली.

पुढच्या हिवाळ्यापासून तुम्ही हुरड्याची कणसं आणायला लागलात. दोन जुड्या. "ही बाबूची. आणि ही त्या गाढवाची, कुठं भेटलं तर द्या." मी विचारलं, त्याला कशाला? तर म्हणालात, "त्येनं घोळ घातला न्हाई तर तुमची माझी वळख झाली असती का? पावती घेतली असती, घरी गेलो असतो." मी दोन्ही जुड्या घरी न्यायचो. दोन हिवाळे गाढवाचा हुरडा मी खाल्ला, आणि प्रत्येक दाणा घशात अडकला.

एक भांडण मात्र अर्धंच राहिलं. तुम्ही म्हणायचात, एक काटा तरी काहून पाहिजे? कडं आहे ना. मी म्हणायचो, काटा पाहिजेच, सगळे थावरा नाईक नसतात. मागच्या महिन्यातसुद्धा यावरून तुम्ही रागानं उठून गेलात आणि काठी विसरून गेलात. काठी अजून माझ्या टेबलामागं आहे. आता राज्य बदललं, नाकाच उठणार असं लोक बोलतायत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, नाका गेला, आता काटा कधी जातो? नाही जाणार, नाईक. या बाबतीत मी हटणार नाही.

झालं. सांगून टाकलं. मला क्षमा करा, असं म्हणायचंय, पण ती द्यायला तुम्ही नाही. हे माझ्या मनाला फार लागलंय. तुम्ही गेलात याचं दुःख आहेच. पण माझ्याबद्दल खोटं मत घेऊन गेलात, याचं जास्त आहे.

*

हे काल लिहून ठेवलं होतं. कागद मिटून ठेवणार, तर आज सकाळी धक्क्याच्या दारातून हाक आली, "काय बाबू, रूळ हायेत का?"

हातातली लेखणी पडली माझ्या. सोमली होती. लेक अगदी बापावर गेलीय, आवाजसुद्धा. डोक्यावर टोपली. टोपलीत दोन जुड्या.

"बा सांगून गेलाय," ती म्हणाली. "मी असो नसो, जुड्या चुकवायच्या न्हाईत."

मी म्हणालो, "ठेव बाई. ही एक माझी. आणि दुसरी—"

"दुसरी गाढवाची," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "बा म्हनला, घर एकच हाय."

नाईक, मी खाली बसलो. खुर्ची होती का नाही तेही बघितलं नाही.

मग तिनं कनवटीचं फडकं सोडलं. आत घडी केलेला कागद. माझा अहवाल. रद्दचा शिक्का, माझं झोकदार उर्दू, सगळं तसंच. आणि खाली शेपटीवाला उंदीर, आणि त्या उंदराभोवती गेरूचं कडं. जाड, गोल, बोटानं ओढलेलं.

"हे कधी केलं नाईकांनी?"

"कागद आनला त्याच दिशी. घरात आला, मार्का बघितला, म्हनला, अरे हा तर आपला उंदीर! मग इतका हसला, इतका हसला, की आई म्हनली याला काय झालं. मग गेरू मागितला."

"आणि होळीत काय जाळलं?"

"ती? तुमच्याच काट्याची जुनी चिठ्ठी."

तीन वर्षं तुम्हाला ठाऊक होतं. तीन वर्षं तुम्ही दारात येऊन माझ्या तोंडाकडे बघत "गाढव कुठं भेटलं का?" विचारत होतात, आणि मी "नाही हो" म्हणत होतो. एकदा कडं ओढलं की तोंड उघडायचं नाही, तुम्हीच सांगितलं होतंत, आणि तुम्ही नाहीच उघडलंत. हसायला मात्र कडं आडवं येत नाही, असं दिसतं.

सोमलीला चहा पाजला. मंडळींना सगळं सांगितलं, पहिल्या अहवालापासून. वाटलं, ही तरी रागावेल. ती तो कागद उजेडाला धरून बघत राहिली आणि म्हणाली, "मग इतकी वर्षं तुम्ही घाबरत होतात कोणाला?" आणि डोळे पुसत विस्तव पेटवायला गेली.

संध्याकाळी आम्ही दोघांनी कणसं भाजली. तुमची काठी शेजारी भिंतीला टेकवून ठेवली होती. पहिली जुडी बाबूची, ती खाल्ली. दुसरी गाढवाची. तीही मीच खाल्ली, नाईक, आणि या वेळी एक दाणासुद्धा अडकला नाही.